बाईच्या हातातला पैसा, बाजार आणि कागद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्वी बायका पैशाचे व्यवहार करतच नव्हत्या, हे खरं का?

नाही. याचा एक पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेला आहे. दहा क्रमांकाच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, म्हणजे तिसऱ्या शतकातला लेख आहे. शक वंशातल्या अग्निवर्म्याची मुलगी विष्णुदत्ता हिने त्रिरश्मी, म्हणजे याच लेण्यांच्या, डोंगरावरच्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धन इथल्या कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेव ठेवली. एका श्रेणीकडे १००० कार्षापण (त्या काळचं नाणं), दुसरीकडे २०००, आणि त्याशिवाय तेल्यांच्या श्रेणीकडेही. सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवली नाही, हे विशेष लक्षात घ्यावं. एक श्रेणी बुडाली तरी औषधं थांबू नयेत, एवढी सोय या वाटणीत आपोआप झाली.

त्याच लेण्यात क्षत्रप राजा नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने खोली दान दिल्याचा लेख आहे. कार्ले, कान्हेरी, कुडा इथेही दान देणाऱ्या बायकांची नावं सापडतात.

आमचं ठाम मत असं, की महाराष्ट्रातल्या बाईच्या हातात पैसा कायम होता. तिच्या वाट्याला आला नाही तो कागद. दगडावर नाव कोरलं गेलं त्या मोजक्या बायका आपल्याला दिसतात, बाकीच्यांचे व्यवहार दुसऱ्याच्या नावावर नोंदले गेले. पुढची बहुतेक उत्तरं याच फरकाभोवती आहेत.

या ठेवींवर व्याज किती मिळत असे?

दक्षमित्रेचा नवरा उषवदात याने तिथेच दर लिहून ठेवले आहेत. एका विणकर श्रेणीकडे २००० कार्षापण, महिना शेकडा १ दराने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असंही स्पष्ट कोरलं आहे. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४० होतात. त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. हिशेब बरोबर जुळतो. ‘शेकडा एक रुपया’ ही व्याज सांगायची पद्धत आजही खेड्यात तशीच आहे.

स्त्रीधन म्हणजे फक्त दागिने का?

नाही. मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार आहेत : लग्नात अग्नीसमोर दिलेलं, सासरी जाताना दिलेलं, नवऱ्याने प्रेमाने दिलेलं, आणि आई, बाप, भाऊ यांनी दिलेलं. विज्ञानेश्वराने मिताक्षरा या टीकाग्रंथात ही व्याख्या रुंद केली आणि वारसाने, खरेदीने, वाटणीने मिळालेली मालमत्ताही त्यात घेतली. पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीळकंठाचा व्यवहारमयूख हा कायद्याचा ग्रंथ मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी मानला. त्यामुळे बापाकडून वारसाने आलेली मालमत्ता इथल्या मुलीला पूर्ण मालकीची मिळे. बंगाल आणि मद्रासमध्ये तिला फक्त हयातीपुरता हक्क होता.

पळवाटही जुनीच आहे. स्मृतिकार याज्ञवल्क्याने दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि कैद या चार प्रसंगी नवऱ्याने वापरलेलं स्त्रीधन परत करायचं बंधन ठेवलं नाही. ‘अडचणीला बायकोचे दागिने’ या सवयीचं मूळ इथवर जातं.

आज अशी सूट नाही. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं, की स्त्रीधन सर्वस्वी बायकोचं. ते सासरच्या ताब्यात असलं तरी ते फक्त सांभाळणारे. प्रत्यक्षात दावा अडतो तो पुराव्यावर. म्हणून तीन गोष्टी कराव्यात :

लग्नातल्या भेटवस्तूंची यादी लग्नाच्या वेळीच करावी. १९८५ च्या नियमांनुसार ती लेखी हवी. तीत वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, आणि सही हवी. हे नियम फार थोडी घरं पाळतात.

सराफाची पावती कोणाच्या नावावर आहे ते पाहावं. दागिना मोडून नवा केला की जुन्या पावतीचा धागा तुटतो. तेव्हा मोडीचं वजन नव्या पावतीवर लिहून घ्यावं.

वजन ग्रॅममध्येच नोंदवावं. ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा, आणि हा तोळा ११.६६ ग्रॅमचा. हल्ली पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. आजीच्या यादीतले ‘५ तोळे’ आणि आजचे ‘५ तोळे’ यांत ८ ग्रॅमहून जास्त फरक पडतो, आणि वाटणीच्या वेळी भांडणं याच फरकावरून होतात.

घरात ५०० ग्रॅमपेक्षा जास्त सोनं ठेवता येत नाही का?

हा गैरसमज आहे. १९९४ च्या सूचनेनुसार आयकर धाडीत विवाहित स्त्रीमागे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीमागे २५० आणि पुरुषामागे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. ही जप्तीबद्दलची सवलत आहे, मालकीची मर्यादा नाही. जास्त सोन्याचा हिशेब सांगता आला की पुरे.

‘खासगी’ आणि ‘चोळी-बांगडी’ ही काय व्यवस्था होती?

मराठेशाहीत सरदार घराण्यातल्या बायकांच्या खर्चासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलं जाई, ते ‘चोळी-बांगडीसाठी’. खासगी याहून मोठी. बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र खासगी जहागीर दिली. दौलतीचा, म्हणजे राज्याचा, हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. ही खासगी पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि देशभरचे त्यांचे घाट, मंदिरं, धर्मशाळा यांच्यामागे तो पैसा होता. कागलच्या घाटग्यांच्या लेक बायजाबाई शिंदे तर सावकारी पेढ्या चालवण्यासाठी प्रसिद्ध होत्या. ही अर्थात वरच्या घरांची गोष्ट. सामान्य बाईचा पैसा बाजारात होता.

आठवडे बाजारात बायका मापाने कशा विकत, आणि फसवणूक कुठे होई?

धान्याची मापं अशी : २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. १६ पायल्यांचा मण, काही भागांत १२ चा. २० मणांची खंडी. ही आकारमानाची मापं आहेत, वजनाची नव्हेत. म्हणून एक पायली ज्वारी आणि एक पायली तीळ यांचं वजन वेगळं भरतं.

खरी मेख शिगेत. माप काठोकाठ भरून वरून हात फिरवला तर सपाट माप, वर ढीग राहू दिला तर शिगेचं माप. मापाची उंची आणि तोंडाचा व्यास सारखा असेल, तर शीग साधारण दहाव्या हिश्श्याएवढी होते. तोंड रुंद आणि माप बुटकं असेल, तर ती जवळजवळ पाचव्या हिश्श्यापर्यंत जाते. शेतकरणीकडून शिगेने घ्यायचं आणि गिऱ्हाइकाला सपाट द्यायचं, एवढ्यावर भावात काहीही फरक न करता व्यापाऱ्याचा नफा सुटे. त्यामुळे जाणती बाई भाव विचारायच्या आधी ‘शिगेचं की सपाट?’ हे विचारी.

१९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि शीग मागे पडली, पण तराजूचा पासंग राहिला. दोन पारडी रिकामी असताना समतोल नसतील, तर हलक्या बाजूला जे अडकवतात तो पासंग. तो खाली लपवलेला असला तर माप खोटं. रिकामा तराजू उचलून दाखवायला सांगणं, आणि शंका आली तर वजन आणि माल यांची पारडी बदलून बघणं, हे दोन उपाय पुरतात.

पालेभाजी, मिरच्या, लिंबं यांचे ‘वाटे’ लावतात. दिवस चढेल तसा वाट्याचा भाव तोच ठेवून वाटा मोठा करतात, कारण भाव एकदा उतरवला की पुढच्या गिऱ्हाइकापुढे तो परत चढवता येत नाही.

कोळी समाजात पैसा बायकांच्या हातात असतो, तो कसा?

कामाच्या विभागणीमुळे. पुरुष समुद्रावर, मासळी धक्क्याला लागली की पुढचं सगळं बाईकडे : लिलाव, निवड, बर्फ, वाहतूक, विक्री, उधारी, वसुली. मुंबईत ससून डॉक १८७५ मध्ये सुरू झाला. तिथे आणि भाऊच्या धक्क्यावर पहाटेच्या लिलावात कोळणी बोली लावतात. मोठा लॉट दोघी-तिघी मिळून घेतात आणि आपापसात वाटून घेतात, म्हणजे भांडवल कमी लागतं आणि माल न खपण्याचा धोकाही विभागला जातो.

नुकसान मुख्यतः बर्फ कमी पडल्याने होतं. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतका बर्फ हवा, आणि तो बारीक फोडलेला. मोठे तुकडे मासळीला नीट भिडत नाहीत, खळगे पाडतात. वितळलेलं पाणी निघून जाईल अशी पाटी हवी. पाण्यात बसलेली मासळी लवकर मऊ पडते आणि दुपारनंतर अर्ध्या भावाला जाते.

दुसरं गणित वर्षाचं. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांचा खर्च सुके बोंबील, जवळा, सुकट यांतून निघतो. म्हणून उन्हाळ्यात ओल्या मासळीला चांगला भाव असतानाही काही माल वाळवणीला काढावाच लागतो. बाहेरच्याला तो तोट्याचा निर्णय वाटतो. तो पावसाळ्याचा विमा आहे.

रस्त्यावर किंवा बाजारात बसणाऱ्या विक्रेतीने कोणते कागद जपावेत?

जागाभाड्याची, बाजारपट्टीची प्रत्येक पावती, जुनी असली तरी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होतं आणि विक्री प्रमाणपत्र मिळतं. तेव्हा ‘मी इथे इतकी वर्षं बसते’ हे पावत्यांनीच दाखवता येतं. पावती घेताना नाव स्वतःचं घालावं. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाची पावती पुढे त्यांचाच धंदा सिद्ध करते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असंही कायदा सांगतो. त्या निवडणुकीत उभं राहता येतं.

बोहारणीला जुने कपडे देताना काय पाहावं?

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायकांचा हा जुना, मेहनतीचा धंदा. साध्या साड्या-शर्टांवर मिळेल ते भांडं घ्यावं. जरीच्या जुन्या साडीवर मात्र थांबावं. खऱ्या जरीत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची तार असते आणि वर सोन्याचा मुलामा. काठातला एक दोरा काढून जाळून बघावा : रेशीम जळून राख होते आणि तार उरते. प्लास्टिकची जर वितळून गोळा होते. तार उरली, तर साडी आधी सराफाकडे किंवा जर घेणाऱ्याकडे दाखवावी, मग काय ते ठरवावं.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या कर्जात का अडकत?

कारण त्यांचे पैसे महिन्याच्या शेवटी येत आणि खर्च रोज होई. मेंबर, म्हणजे त्यांच्याकडे जेवणारे गिरणी कामगार, पगार झाल्यावर पैसे देत. तोवर तांदूळ, डाळ, रॉकेल वाण्याकडून उधार. उधारीचा माल महाग, शिवाय वर व्याज, आणि वाणी बदलायची सोय नाही, कारण मागची बाकी त्याच्याच वहीत. कष्ट कमी पडत नव्हते, खेळतं भांडवल कमी पडत होतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं, ते नेमकं या गाठीवर बोट ठेवून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मेंबरांचे पगार थांबले आणि खानावळींची वसुलीही. त्या संपाच्या इतिहासात या बायकांच्या बुडालेल्या उधारीला जवळजवळ जागा मिळालेली नाही, याची आम्हाला खंत वाटते.

याच शहरात गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं. तिथली युक्ती रोजच्या चक्रात आहे : मळलेलं पीठ न्यायचं, घरी पापड लाटायचे, वाळवून दुसऱ्या दिवशी परत द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. भांडवल आणि कच्चा माल संस्थेचा, त्यामुळे बाईला उधारी करावीच लागत नाही.

भिशीत फायदा कोणाचा असतो?

आधी उचलणारीचा. १२ जणी, महिना १००० रुपये, असं धरू. पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघते तिला १००० भरून १२,००० मिळतात, म्हणजे ११,००० चं बिनव्याजी कर्ज. शेवटची बाई वर्षभर भरून स्वतःचेच १२,००० परत घेते. नेहमीच्या भिशीत भिशी चालवणारी पहिली रक्कम घेते. ती तिच्या धावपळीची मजुरी समजावी.

लिलाव भिशीत ही तफावत भरून निघते. समजा गरजू बाईने १५०० सोडायची बोली लावली. तिला १०,५०० मिळतात, आणि सोडलेले १५०० बाराजणींत वाटले तर प्रत्येकीला १२५. म्हणजे त्या महिन्यात प्रत्येकीने ८७५ च भरायचे. ही वाटणी बाराजणींत की अकराजणींत, हे सुरुवातीलाच ठरवावं.

भिशी बुडते ती बहुधा एकाच कारणाने : आधी उचललेली बाई हप्ते थांबवते. त्यावर उपाय असे : नव्या सदस्येला पहिल्या निम्म्या महिन्यांत उचल देऊ नये, उचल देताना पुढच्या हप्त्यांची लेखी कबुली घ्यावी, वही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचावी. आणि हेही माहीत असावं, की १९८२ च्या चिट फंड कायद्याची व्याख्या चिठ्ठी आणि लिलाव या दोन्ही प्रकारांना लागू पडते. अनोळखी माणसांच्या मोठ्या रकमेच्या, नोंदणी नसलेल्या भिशीत शिरू नये.

बचत गटात ‘शेकडा दोन’ म्हणजे किती व्याज?

महिन्याला २ टक्के, वर्षाला २४. पण मोजायची पद्धत बघा. ५००० रुपये, १० महिने, दर महिन्याला ५०० मुद्दल फेड. व्याज मूळ रकमेवर धरलं तर महिना १००, एकूण १०००. उरलेल्या मुद्दलावर धरलं तर १००, ९०, ८० असं उतरत एकूण ५५०. दर तोच, रक्कम जवळजवळ दुप्पट. गटाच्या ठरावात ‘उरलेल्या मुद्दलावर’ हे शब्द असलेच पाहिजेत.

महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, आणि नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने गटांना बँकेशी जोडायला १९९२ मध्ये सुरुवात केली. बँक अजूनही पंचसूत्रीच बघते : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. यांतला हिशेब सगळ्यात आधी ढासळतो, कारण तो एकाच बाईकडे साचतो. वर्षाला लिहिणारी बदलावी.

भावांना हक्कसोडपत्र द्यायचंच असतं का?

नाही. तो रिवाज आहे, कायदा नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट गेली, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही.

सही करण्याआधी हे बघा. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. साध्या कागदावरच्या सहीने किंवा तलाठ्यापुढच्या जबाबाने मालकी जात नाही. नोंदणीकृत सही झाली की मात्र परत फिरणं फार अवघड. कागदावर गट नंबर आणि क्षेत्र नसेल, ‘सर्व मिळकती’ एवढंच असेल, तर सही करू नका. वडील गेल्यावर वारस नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते आणि फेरफाराची नोटीस निघते. १५ दिवसांत हरकत घेता येते. नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि लेकीला कळत नाही, म्हणून सातबारा आणि फेरफार ऑनलाइन स्वतः तपासत राहा. साडी-चोळीच्या बदल्यात जमीन सोडणं हा प्रेमाचा व्यवहार म्हणून सांगितला जातो. आमच्या मते प्रेम भावाकडूनही तितकंच अपेक्षित असावं.

गोव्यात वेगळं आहे का?

हो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या नियमाने, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा असतो. बायकोच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही. वेगळा करार करायचा तर लग्नाआधीच. नंतर तो चालत नाही.

नवऱ्याचं कर्ज असेल तर त्याच्या विम्याचे पैसे बायकोला सुरक्षित मिळतात का?

पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घेतली असेल तर. त्याचं सहावं कलम १९२३ पासून हिंदूंनाही लागू आहे. अशी पॉलिसी बायको-मुलांसाठी विश्वस्त म्हणून राहते, सावकाराला त्यावर हात टाकता येत नाही. मात्र ते पॉलिसी घेतानाच, अर्जासोबत नमूद करावं लागतं. नुसतं नॉमिनी म्हणून नाव असणं वेगळं.

आजीची हिशेबाची वही सापडली. ती वाचायची कशी?

मोडी लिपीत असेल तर जाणकाराला दाखवा. देवनागरीत असेल तर एवढं पुरे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. आकड्यापुढचा एक उभा दंड म्हणजे पाव, दोन अर्धा, तीन पाऊण, ‘३।।।’ म्हणजे ३ रुपये १२ आणे. १ एप्रिल १९५७ नंतर नवे पैसे दिसू लागतील. साल शकाचं असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधल्या नोंदींना ७९.

मग नावं बघा. ‘नावे’ या रकान्यात बहुधा आजोबा किंवा दीर असतील. त्याच ओळीत पुढे ‘हस्ते’ शोधा. ‘हस्ते सौ.’ असं ज्या ज्या नोंदीत आहे, तो पैसा प्रत्यक्ष तिने दिलेला-घेतलेला आहे. त्या सगळ्या नोंदी तारखेनुसार वेगळ्या उतरवून काढा : कोणाला, किती, कशासाठी.